वगाचं खरेदीखत

३ सप्टेंबर १९७३, सोमवार. कोरेगाव

शिळा! माझा वग शिळा!

जत्रेच्या पंचानं भर बाजारात सांगितलं – "आप्पासो, तुमच्या फडाची माणसं लय चांगली. पर वग शिळा झाला वो. आता बारकी पोरं बी पुढचं बोलनं आदी बोलत्यात." मी हसलो. हसण्याशिवाय काय करणार, खरं होतं.

गेल्या साली दुष्काळ. जत्राच भरल्या नाहीत, सगळा तमाशा बसून भाकरी खात होता. यंदा पाऊस बरा आहे, जत्रा भरतील, आणि माझ्याकडं दाखवायला नवं काही नाही. दसऱ्यानंतर विट्याला राहुटी टाकायची, गावोगावचे पंच येणार, खेळ बघून सुपारी देणार. सुपारी मिळाली तर फड राहील. नाही मिळाली तर एकेक माणूस दुसऱ्या फडाच्या ट्रकमध्ये चढेल. आमची मुख्य बाई सुलाबाई, तिनं तर सांगूनच टाकलंय, तेही हसत – "मालक, तुमच्यावर लय माया हाय. पर पोराबाळास्नी माया वाढू का ताटात?"

नवा वग लिहून घ्यायला आता वेळ नाही. लिहिला तरी मुंबईच्या सेन्सॉर ऑफिसला पाठवा, ते वाचणार, पानापानावर शिक्का मारणार, मग इथले पोलीस खेळाला परवानगी देणार. तोवर जत्रा संपल्या!

म्हणून ठरवलं – जुनाच घ्यायचा. शिक्क्यासकट. जुना ट्रक घेतलाच की आपण कागद बघून. वगाला काय झालं?

७ सप्टेंबर, शुक्रवार

कडेगावला जाऊन आलो. शाहीर हरिबांकडं. त्यांचा घसा गेला, फड मोडला, पण 'विळ्यावरची शपथ' हा वग त्यांच्याजवळ पडून आहे. काय वग! सासऱ्याची जमीन गिळणाऱ्या इनामदाराला सून भर चावडीत सवाल घालते आणि गप्प करते. मी बत्तीवाला असताना ऐकलेला. डोक्यावर गॅसबत्ती धरून उभा होतो, ऐकता ऐकता बत्ती कलंडली, सगळा चावडीचा सीन अंधारात गेला. कानाखाली बसली ती अजून आठवते. तरी वग आवडला!

हरिबा घोगऱ्या आवाजात भाव करतात. समोरच्याला वाटतं म्हाताऱ्याला त्रास होतोय, लवकर हो म्हणावं. मी ओळखलं, पण म्हटलं जाऊ दे. किंमत इथं लिहीत नाही. लिहिली तर रोज दिसेल.

एकच अट घातली – "आप्पासो, गाण्यात माझं नाव हाय. ते मोडायचं न्हाई." शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव येतं तसं त्यांचं येतं, 'हरिबा म्हणे' म्हणून. मी म्हटलं, राहू द्या की, माझं नाव गाऊन कोण फेटा उडवणार आहे?

त्यांच्या घरच्यांनी, हरणाबाईंनी, चहा आणला. म्हटलं, "वैनी, चहा झकास." त्यांनी बशी अशी ठेवली की अर्धा चहा बशीत. ठेवल्याचा आवाज मला काही बरा वाटला नाही.

११ सप्टेंबर, मंगळवार. सातारा

वकिलाकडं. वकील म्हणजे माझ्या आधीच माझं भांडण लढणारा माणूस.

"वग घेतलात, पण म्हाताऱ्यानं दुसरी चोपडी घरात ठेवली असेल तर? तुम्ही इकडं खेळ लावणार, तो तिकडं तिसऱ्याला विकणार. एकही प्रत जवळ ठेवणार नाही असं लिहून घ्या. जिथं जिथं प्रत असेल ती गोळा करा. आणि आप्पासो, शिक्क्याच्या चोपडीतलं अक्षर बदलायचं नाही. एक शब्द इकडचा तिकडं झाला की शिक्का मेला."

पोलीस ऑफिसातल्या कारकुनानं बरं सांगितलं – जुन्या मालकानं लेखी दिलं की खेळ लावा, नाव मुंबईहून सावकाश बदलून येईल. सावकाश हा शब्द त्यानं फार प्रेमानं उच्चारला.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

हरिबांना सहीला बोलावलं. आले नाहीत. निरोप – "पितरं सुरू झाली. पंधरवड्यात म्या सही करत न्हाई."

पितरांना वगाचं काय! घट बसेपर्यंत थांबा आता.

१८ सप्टेंबर, मंगळवार

आजचा दिवस केरबानं खाल्ला.

केरबा हरिबांचा जुना सोंगाड्या. आता मिरजेकडच्या एका फडात आहे. त्याच्याजवळ एक प्रत आहे म्हणून कळलं. ढोलकीवाल्या गुंडाला बरोबर घेऊन गेलो. फड एका माळावर उतरलेला, तालीम चाललेली. कनातीच्या बाहेरूनच ऐकलं आणि माझे कान उभे राहिले. इनामदाराच्या जागी सावकार, सुनेच्या जागी लेक, विळ्याच्या जागी खुरपं – पण सवाल तेच! विनोदाची जागा तीच! चोर!

केरबा बाहेर आला. मला बघून लाजावं की नाही? लाजला नाही.

"आप्पासो, चोपडी पायजे? ही घ्या." काढून दिली हातात. मला वाटलं झालं काम. तर म्हणतो, "चोपडी तुमची झाली. पर माझ्या जिबंवर कुठं शिक्का मारनार?"

गुंडा हसला. कुणाकडून आहे कळत नाही हा गुंडा.

मी तिथंच दगडावर बसलो. विचार केला. जिभेवर शिक्का मारता येत नाही, पण जीभ आपल्या फडात आणता येते. म्हटलं, "केरबा, इथं तुला काय देत्यात?" पुढचं लिहीत नाही. रविवारी केरबा बिऱ्हाडासकट कोरेगावात येतोय.

वग घ्यायला निघालो आणि सोंगाड्या घेऊन आलो. असं करत गेलो तर प्रेक्षकही विकत घ्यावे लागतील.

२७ सप्टेंबर, गुरुवार

घट बसले. हरिबांनी सही केली, सातारला, वकिलासमोर. 'एकही प्रत जवळ ठेवली नाही.' 'गाण्यातील नाव बदलणार नाही.' दोन्ही कलमं झाली. शिक्क्याची चोपडी माझ्या पेटीत. वकील म्हणाले, आता बिनघोर झोपा.

हरिबांना एसटीत बसवताना ते म्हणाले, "वग आता तुमचा." आणि तोंड दुसरीकडं केलं. मलाही कसंतरी झालं. पण बरं वाटलं हे खोटं कशाला लिहू.

३० सप्टेंबर, रविवार

तालीम. कसली झोप आणि कसलं काय!

चोपडी वाचून दाखवली तर पाऊण तासात वग संपला! मी म्हटलं पानं गळालीत काय? केरबा म्हणाला, "मालक, ही मुंबईला दावायची चोपडी. खरा वग तोंडात असतोय." मग केरबा एकेक सांगत गेला, आणि वग हळूहळू उभा राहायला लागला. पोलिसांनी चोपडी धरून बघितलं तर? "त्यो विनोद, त्याला कोन इचारतंय," म्हणाला केरबा. पण गाणी मात्र चोपडीत आहेत तशीच गायची. गाण्यावर फौजदाराचं बोट असतं.

ते सगळं जमेल. पण शेवटचं कडवं!

'हरिबा म्हणे, बायांनो, विळा न्हाई टाकायचा.' सुलाबाई गाते, चाल चढते, चढते, आणि 'हरिबा' आलं की पायरी चुकल्यासारखं होतं. तिनं ओढून बघितलं, 'आवं हरिबा' करून बघितलं. गुंडा थांबला. "मालक, हितं माझा हात रिकामा ऱ्हातोय. तालाचा अर्धा फेरा भरतोय, अर्धा मोकळा."

मला ढोलकी वाजवता येत नाही, पण ऐकू येतं. गुंडाचं बरोबर आहे. ते नाव त्या जागेचं नाही.

२ ऑक्टोबर

वकिलाकडं गेलो. गांधी जयंती! बंद. एवढं साधं लक्षात राहिलं नाही, डोकं ठिकाणावर आहे कुठं?

३ ऑक्टोबर, बुधवार

कडेगाव. हरिबांना विचारावं म्हटलं ती जागा ते कशी गायचे. ते घरी नव्हते, घसा दाखवायला कराडला गेलेले. हरणाबाई ओसरीवर जोंधळे निवडत बसलेल्या. बसा म्हणाल्या. बसलो.

निघता निघता म्हटलं, "वैनी, शेवटच्या कडव्यात जरा अडतंय." आणि गुणगुणून दाखवलं. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही, मान वर केली नाही. म्हणाल्या, "अडंल न्हाई तर काय. नावच बदललंय."

"कुणाचं होतं?"

त्यांनी सुपावर बोटांनी ठेका धरला आणि अगदी हळू म्हटलं – "हरणाबाई म्हणे, बायांनो, विळा न्हाई टाकायचा."

बसलं! असं बसलं की माझ्या अंगावर काटा आला. फेरा पुरा भरला.

मग विचारायची गरजच राहिली नाही, त्याच बोलत होत्या. "मी जतकडची. आमचा बा मेंढरांमागं. रानात दिसभर काय करायचं, जुळवत बसायची. लगीन झाल्यावर मी सांगायची, ह्येंनी लिवायचं. सगळा वग असाच झाला. फडावर नाव ह्येंचं, मी कशी चढू? मी कवा काय बोलली न्हाई. पर इकताना तरी, भावजी, एका शब्दानं इचारायचं व्हतं का न्हाई? मी चहा करत हुती, आत. तिकडं माझा वग इकत हुतं."

आणि मी त्या चहाला झकास म्हणालो होतो.

४ ऑक्टोबर, गुरुवार. सातारा

वकील खुर्चीतून उठून उभे राहिले. "म्हणजे ज्यानं विकला त्याचा तो नव्हताच! उद्या ही बाई कोर्टात उभी राहिली तर तुमचं खरेदीखत चुलीत घाला. तिचा अंगठा घ्या. कसाही घ्या."

कसाही घ्या म्हणे! अंगठा म्हणजे काय झाडाचा आंबा?

६ ऑक्टोबर. दसरा

सोनं वाटलं. चेहरा हसरा ठेवला. फडातल्या कुणाला काही सांगितलं नाही, पण केरबा म्हणाला, "मालक, आज लय हसताय. काय बिघडलंय?"

९ ऑक्टोबर, मंगळवार

कडेगाव. एसटीच्या कंडक्टरला आता मी सगा वाटतो. "पावनं, मुलगी बघायला का एवढ्या चकरा?"

आज दोघंही घरी. गोष्ट काढली. हरिबा दारातल्या लिंबाकडं वळले. मग म्हणाले, "शबुद तिचं असतील. चाल माझी हाय. आन् लोकांच्या शिव्या, दगडं, ती बी म्याच खाल्ली. तिनं न्हाई."

हेही खोटं नाही. चाल त्यांचीच असणार.

हरणाबाई दाराशी उभ्या. "अंगठा देती. मला पैसा नगो. पर एकडाव माझं नाव चार मानसांत गाऊन दावा."

हरिबा म्हणाले, "खतात काय लिवलंय, आप्पासो? नाव मोडलं की येव्हार मोडला."

"मग माझा अंगठा बी न्हाई."

मी मध्ये. चोपडीवर शिक्का 'हरिबा'चा, खतात नाव 'हरिबा'चं, गळ्यात बसतं 'हरणाबाई'. नाव बदललं तर फौजदार खेळ बंद करणार आणि हरिबा व्यवहार. नाही बदललं तर बाई कोर्टात. मी दोघांनाही म्हटलं, रविवारी विट्याला या, पंचांसमोर खेळ आहे, बघतो काय करायचं.

बघतो! माणसाला काही करायचं नसलं की तो बघतो म्हणतो. मीच म्हणतो नेहमी, आणि आज मीच म्हटलं. हरणाबाईंना ते बरोबर ऐकू गेलं. त्यांचेही कान तिखट आहेत.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

ठरवलं. शिक्का सांभाळायचा. बाईची समजूत नंतर काढू. फड आधी.

सुलाबाईला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "चोपडीत आहे तसंच गायचं. दुसरं नाव तोंडातून यायचं नाही." ती म्हणाली, "व्हय मालक. दुसरं नाव माझ्या तोंडातनं न्हाई येणार."

फार लवकर हो म्हणाली.

१४ ऑक्टोबर, रविवार. विटा

आधी लिहितो, मग झोपतो.

दुपारी खेळ. राहुटी भरली. पुढं पंच, बाजूला फौजदार, मांडीवर शिक्क्याची चोपडी, ओळीवर बोट. पहिल्या रांगेत हरिबा, नवा फेटा. बायकांच्या बाजूला, तंबूच्या दोरीशी, हरणाबाई. खेळाआधी सुलाबाई त्यांच्याजवळ बसलेली दिसली होती. मला बघून दोघी गप्प झाल्या.

वग उठला! केरबानं पंचांना रडेपर्यंत हसवलं. फौजदार चोपडीवरचं बोट विसरला. चावडीच्या सवालाला एक म्हातारा पंच ओरडला, "दे त्येला, पोरी!" मी पडद्यामागं देवाचं नाव घेत होतो.

शेवटचं कडवं. सुलाबाईनं चाल चढवली, चढवली, आणि नावाच्या जागी आली तशी तिनं तोंड मिटलं. गप्प! गुंडाची ढोलकी एकटी. 

आणि बायकांतून आवाज आला. म्हातारा, फाटका, पण बरोबर जागेवर – "हरणाबाई म्हणेऽ..."

सुलाबाईनं वरच्यावर झेलला – "बायांनो, विळा न्हाई टाकायचा!"

ढोलकीचा हात भरला. लगेच फेटे उडाले. कोण ती, कोण ती, म्हणून माणसं उठून मागं बघतात, आणि बायका हरणाबाईंना पुढं ढकलतात, त्या पदर तोंडाशी धरून उभ्या. मी हरिबांकडं बघितलं. सगळा खेळभर त्यांची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. त्या जागी थांबली. परत चालू झाली नाहीत.

खेळ सुटला. फौजदारानं बोलावलं. मी म्हटलं, गेला शिक्का. तो चोपडी उघडून बसलेला.

"तुमच्या बाईनं एक शब्द गाळला."

"व्हय साहेब."

"गाळल्याचा गुन्हा नाही. घातला असता तर होता."

"पण साहेब, ते दुसरं नाव –"

"ते स्टेजवर कुणी म्हटलं का? नाही. बघायला आलेल्या बाईनं म्हटलं. बघणाऱ्यानं काय ओरडावं याला परवाना लागत नाही." चोपडी माझ्या हातात दिली. "झकास वग आहे. पुन्हा कवा आहे?"

हरिबांनाही तेच सांगितलं. नाव आम्ही मोडलं नाही, खत शाबूत आहे. ते म्हणाले, "मला कळतंय, आप्पासो." 

सुपाऱ्या मिळाल्या. भरपूर! मागून एक पंच म्हणतो, "ती म्हातारी मधी पेरलीसा, लय डोकं चालवलंसा! आमच्या जत्रंला बी ती पायजे बरं का." मी हं म्हटलं.

हरणाबाईंनी पेटीवर कागद ठेवून अंगठा दिला. दिला म्हणजे दाबला, कागद फाटेल असा. व्यवहार पुरा. कुणाकडं एक प्रत राहिली नाही, कुणाचा हक्क राहिला नाही. आता मी झोपतो.

१५ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी ट्रक भरला. सुलाबाईच्या शेजारी हरणाबाई, मांडीवर बोचकं.

म्हटलं, "वैनी, कडेगावची गाडी पलीकडं लागते."

"ठाव हाय. मी बघणारी म्हणून येती. बघणारीला परवाना लागत न्हाई."

खाली हरिबा उभे. "अगं, मला इचारलंस तरी का?"

"तुमी वग इकताना इचारलं व्हतंसा?"

ड्रायव्हर माझ्याकडं बघायला लागला. सगळा ट्रक माझ्याकडं बघायला लागला.

मी म्हटलं, काढ.